मूळ अर्थाने न्यायाधीशांना लगाम बसतो का?

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचा आक्षेप असा: अमेरिकेची राज्यघटना मंजूर होताना शब्दांचा जो अर्थ होता तोच न्यायाधीशांनी पाळावा, नाहीतर ते आपलीच मतं घटनेच्या नावावर खपवतील, आणि निकाल खुपतात म्हणून मी मूळ अर्थ धरण्याच्या या पद्धतीला, म्हणजे ‘ओरिजिनॅलिझम’ला, नावं ठेवतो.

तुमची भीती रास्त आहे. लोकांनी न निवडलेल्या, तहहयात पदावर बसणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांना लगाम हवाच. पण या पद्धतीने तो बसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

२०२२ मध्ये ‘ब्रूएन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची बंदूक परवान्याची शंभर वर्षांहून जुनी अट रद्द केली. घटनेतल्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा मूळ अर्थ धरून न्या. क्लॅरन्स थॉमस यांनी कसोटी घालून दिली: शस्त्रांवर आज बंधन घालायचं तर देशाच्या इतिहासात तशा बंधनांची परंपरा सरकारने दाखवावी.

मग ‘रहीमी’ खटला आला. टेक्सासमधल्या या माणसाने मैत्रिणीला ओढत गाडीत कोंबलं, तिचं डोकं डॅशबोर्डवर आदळलं आणि ती पळाली तेव्हा गोळी झाडली. त्याच्यावर कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. अशा माणसाने बंदूक बाळगणं १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अपील न्यायालयाने ब्रूएनची कसोटी लावली आणि तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, कारण जुन्या काळात तसा दाखला मिळेना. मिळणार कुठून? तेव्हा नवऱ्याची मारहाण ही घरातली बाब समजली जायची आणि कायदे करणाऱ्यांत एकही बाई नव्हती!

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८-१ ने तो निकाल फिरवला. ज्याच्यापासून धोका आहे त्याच्याकडून जामीन घेणारे आणि शस्त्र घेऊन दहशत माजवणाऱ्याला शिक्षा करणारे जुने कायदे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एकत्र धरले. हुबेहूब कायदा नको, तत्त्व जुळलं की पुरे, असं ते म्हणाले. विरोधात एकटे थॉमस, ज्यांनी ब्रूएनची कसोटी लिहिली तेच. त्यांचं म्हणणं, जामीन दिला की शस्त्र माणसाकडेच राहायचं, मग हा दाखला कसा चालेल?

जुने कायदे दोघांपुढे तेच होते. ते किती जवळून वाचायचे, हे मात्र ज्याचं त्याने ठरवलं.

राहिला खुपण्याचा मुद्दा. ‘रहीमी’चा निकाल मला पूर्ण मान्य आहे, तरीही माझा आक्षेप कायम आहे. रॉबर्ट्स बरोबर की थॉमस, हे तुम्हीच सांगा. फक्त कारण शस्त्रांचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती मंजूर झाली त्या १७९१ मधलं द्या.