मला धने समजावून सांगणारे काका

काल जोहान्सबर्गमधल्या एका बिल्टाँगच्या दुकानात मला एका माणसाने धने म्हणजे काय ते समजावलं. मला! ज्याच्या घरी मसाल्याच्या दिवसात धने अंथरले की पाय ठेवायला जागा नसायची त्याला.

बिल्टाँग म्हणजे मांसाच्या जाड पट्ट्यांना व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भरडलेले धने चोळून त्या टांगून वाळवायच्या. इथे लोक हे शेंगदाण्यासारखं येताजाता खातात. मी गाय खात नाही म्हणून कुडूचं मागितलं (कुडू म्हणजे पिळाच्या शिंगांचं मोठं हरीण समजा) आणि म्हटलं, चांगलं वाळलेलं द्या.

मागून आवाज आला, "वाळलेलं? चामडं खायचंय का?"

वळून बघतो तर खाकी हाफ पँट, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि एका मोज्यात खोचलेला कंगवा. काकांनी मला ओलांडून थेट काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, ह्याला ओलं दे, चरबीची कड असलेलं. ती म्हणाली कुडूला चरबी नसते. मग बीफ दे. मी म्हटलं, मी बीफ खात नाही. काका गप्प झाले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय का?"

मी नाही म्हटल्यावर त्यांना माझी फारच दया आली असावी, कारण त्यांनी एका तुकड्यावरचे धने खरवडून तळहातावर चुरडले आणि माझ्या नाकाखाली धरले. "हा वास बघ. कोरियँडर. तुमच्याकडे मिळतं का हे?"

अहो काका, तुमचे डच पूर्वज १६५२ साली केपला, म्हणजे इथे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, उतरले ते कशासाठी, तर पूर्वेकडे मसाले आणायला जाणाऱ्या जहाजांना वाटेत भाजी-पाणी मिळावं म्हणून! हे सगळं मी मनात बोललो. तोंडाने "हो, मिळतं थोडंफार" म्हणालो आणि तोवर त्या मुलीने ओलं कुडू मशीनमध्ये कापून पिशवीत भरलंसुद्धा. पिशवीही प्लास्टिकची, म्हणजे बुरशी लवकर. कागदी मागितली तर म्हणे संपल्यात. माझ्या मागून आलेल्या गोऱ्या पोराने कडक वाळलेलं चिकन बिल्टाँग घेतलं, त्याला काका चकार शब्द बोलले नाहीत, आणि त्याला कागदी पिशवी मिळाली.

सिंगापूरला बरं असतं. तिथलं बाक्वा हे वाळवलेलं मांस बहुतेक डुकराचं, साखर-सोया सॉस लावून कोळशावर भाजलेलं, गोड आणि चिकट. चिनी नववर्षाच्या आधी त्याला तासन् तास रांग असते पण कुणी कुणाला शिकवत नाही, सगळे मोबाईलमध्ये. अमेरिकेतलं वाळवलेलं मांस म्हणजे जर्की, ती आधी पातळ कापून मग वाळवतात, सोबत ते 'खाऊ नका' लिहिलेलं पाकीट असतं, आणि काही ब्रँडचं तर तेच बरं लागत असेल.

पण खरा राग पैशांचा आहे. दोन किलो मांस वाळून जेमतेम एक किलो होतं, म्हणजे जे उडालं ते पाणी. तरी ओल्याचा आणि सुक्याचा भाव एकच! मी काल काकांच्या कृपेने किलोला चारशेच्या वर रँड या दराने कुडूचं पाणी विकत घेतलं.

म्हणून आता घरीच करायचं ठरवलंय. इथला हिवाळा कोरडा, मुंबईसारखा दमट नाही. एक खोकं, वर टांगायला काड्या, बाजूंना भोकं आणि खाली ऊब द्यायला जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, एवढंच लागतं. तर तो बल्बच मिळेना. दुकानदार म्हणतो एलईडी घ्या, वीज वाचते. अरे बाबा, एलईडीने मांस वाळत नाही, नुसतं उजेडात दिसतं.