आकडा ४.७ चा, पण काम किती? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना उणे ३० केलं, म्हणजे व्होल्टेज उतरवलं, क्लॉक (प्रोसेसरचा वेग) दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये ४.४ चे ४.७ गिगाहर्ट्झ झाले, सिनेबेंच (प्रोसेसरला राबवून स्कोअर देणारी चाचणी) एकदा पूर्ण झालं, मग पुढच्या चाचण्या कशाला? शिवाय प्राइम९५ सारखी ताणचाचणी रोजच्या वापरापेक्षा कितीतरी जास्त उष्णता काढते.

कारण व्होल्टेज कमी पडलं तरी रायझन लगेच बंद पडत नाही. क्लॉकचे ठोके किंचित लांबवून तो तग धरतो. यालाच क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. दाखवला जाणारा आकडा ४.७ च राहतो, काम मात्र घटतं. एचडब्ल्यूइन्फोच्या (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये स्नॅपशॉट पोलिंग (आकडे एकाच क्षणी टिपणं) चालू करा आणि सगळ्या कोअरवर भार असताना ‘कोअर क्लॉक’ व ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्षात मिळालेला वेग) ताडून बघा. दहा-वीस मेगाहर्ट्झचा फरक चालतो. शंभर-दीडशेचा दिसला तर व्होल्टेज फार उतरवलंय. (मशीन रिकामं असताना इफेक्टिव्ह आकडा पार खाली जातो, कोअर झोपलेले असतात म्हणून. तो दोष नव्हे.)

मग स्कोअर. ४.४ चे ४.७ म्हणजे जवळपास सात टक्के वाढ. सिनेबेंच रॅमवर फारसं अवलंबून नसल्यामुळे स्कोअरही जवळपास तितकाच चढायला हवा: सिनेबेंचच्या आर२३ आवृत्तीत आधी ११,००० असेल तर आता ११,७०० च्या आसपास. ११,२०० वरच अडकला तर ते ४.७ नावापुरतेच. आणि एक फेरी पुरत नाही, तेव्हा कूलर अजून गार असतो. दहा मिनिटांचा पर्याय निवडा आणि शेवटचा स्कोअर धरा. एसीतल्या खोलीत घेतलेलं तापमान मे महिन्यात कामाचं नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो.

प्राइम९५ चा ‘स्मॉल एफएफटी’ हा चाचणीप्रकार रोजच्या वापरापेक्षा कितीतरी जास्त उष्णता काढतो, हे तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. कूलिंग जोखायला तो अर्धा तास पुरे.

उणे ३० ची खरी परीक्षा हलक्या भाराखाली होते. सगळे कोअर राबत असताना वीजमर्यादेमुळे क्लॉक आटोक्यात असतो. एकटा कोअर मात्र कमी केलेल्या व्होल्टेजवर सर्वांत वरच्या क्लॉकला जातो. म्हणून सिनेबेंच पार पडलेलं मशीन ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतं. कोअरसायकलर रात्रभर लावा, तो एकेक कोअर वेगळा तपासतो. जो नापास होईल त्याचंच मूल्य उणे ३० वरून उणे २५ वर आणा, लागलं तर उणे २० वर. सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टीम’ लॉगमध्ये ‘व्हीया-लॉगर’ची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा) नोंद शोधा, मशीन बंद पडलं नसलं तरी तिथे १९ क्रमांक दिसला, तर चूक होऊन हार्डवेअरनेच ती निस्तरलेली असते, आणि ते सेटिंग ठेवू नये.