परतलीस तर टाळ्या, नाही तर?

विनेश फोगाट म्हटलं की आता लोकांना पॅरिस आणि ते 100 ग्रॅम आठवतात. नाहीतर राजकारण. (त्यावर कमेंटमध्ये भांडू नका, आज तो विषय नाही.) मला मात्र त्याआधीची विनेश जास्त आठवते.

ऑगस्ट 2020. खेलरत्न जाहीर झालेला, आणि सोहळ्याच्या तोंडावर तिला कोविड. पुढे परत एकदा झाला. तरी टोकियोला 53 किलोत अव्वल मानांकन घेऊन गेली, आणि उपांत्यपूर्व फेरीत बेलारूसच्या पैलवानानं तिला चीतपट केलं. घरी आली तर कुस्ती महासंघाचं निलंबन तयार. तेव्हा तिनं वर्तमानपत्रात उघडपणे लिहिलं, मी मनानं मोडलेय, कुस्तीत परतेन की नाही सांगता येत नाही.

वर्षभरात बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं सलग तिसरं सुवर्ण. पाठोपाठ बेलग्रेडला जागतिक स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली, पण रेपेचाजमधून (हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून) येऊन कांस्य घेतलं. मग आपण सगळे तिच्या जिद्दीबद्दल बोलायला लागलो. मला खटकतं ते इथेच. ती तोच लेख लिहून घरीच बसली असती, तर? खरं बोलण्याचं धाडस तर तेव्हाच झालं होतं, पदक नंतरचं.

आमच्या डिचोलीकडे पोराचा लिगामेंट गेला तर गडग्यावर बसून सगळा वाडा ऑपरेशनची चर्चा करतो. डेंग्यूनं महिनाभर झोपला तरी चौकशी होते. पण झोप उडालीय, मैदानावर पाय ठेवावासा वाटत नाही, असं त्यानं म्हटलं की "नाटकां करता" ऐकायला मिळतं. घरचे बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेतील, पण शेजाऱ्यांना सांगतील दात दाखवायला गेलो होतो.

आणि हे कुठे, तर गोव्यात! नैराश्यात अडकलेल्या माणसाशी साधी, प्रशिक्षण दिलेली गावातली माणसं बोलली तर सरकारी आरोग्य केंद्रातही फरक पडतो, हे 'संगाथ' या इथल्याच संस्थेनं इथल्याच रुग्णांबरोबर काम करून दाखवलं. 2010 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जगभर वाचलं गेलं. आमच्या क्लबच्या बाकापर्यंत काही पोचलं नाही.

चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सराव सुरू होईल. तेव्हा क्लबच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे: आजारी पोराचं नाव यादीतून काढायचं नाही, मग आजार अंगाचा असो की मनाचा. त्याला नुसतं यायचं असेल तर येऊ दे, चेंडू आणून देऊ दे, नाहीतर गप्प बसू दे. "कधी खेळतोस?" हे विचारायचं नाही. कोचनं तर मुळीच नाही. आणि तो परत खेळलाच नाही, तरी सीझन संपल्यावरच्या जेवणाला त्याला बोलवायचं.

यावर कोणी म्हणेल, मग टीम कशी चालणार? अकरा पोरं मिळतात हो. दर वर्षी मिळतात.