हाम्सुन यांचे नोबेल काढून घेतले गेले नव्हते

नॉर्वेचे नवस्वच्छंदतावादी, म्हणजे भावना आणि अंतर्मनाला महत्त्व देणाऱ्या प्रवाहातले, कादंबरीकार क्नुट हाम्सुन (1859–1952) यांना ‘सुल्त’, म्हणजे ‘भूक’, या कादंबरीसाठी नोबेल मिळाले होते आणि नाझींना पाठिंबा दिल्यामुळे ते पुढे परत घेण्यात आले, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील नाझींना दिलेला पाठिंबा खरा आहे. बाकी दोन्ही विधाने चुकीची आहेत.

‘सुल्त’ 1890 मध्ये आली आणि हाम्सुन यांचे नाव तिच्यामुळेच झाले, त्यामुळे हा घोळ समजण्याजोगा आहे. परंतु 1920 चे नोबेल त्यांना 1917 च्या ‘मार्केन्स ग्रोदे’ या, ओसाड रानात शेत उभे करणाऱ्या इसाकच्या कादंबरीसाठी देण्यात आले.

ते परत घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दिलेले पारितोषिक रद्द करण्याची तरतूद नोबेलच्या नियमांत नाही. गैरसमजाचे मूळ बहुधा वेगळ्याच घटनेत असावे: 1943 मध्ये हाम्सुन यांनी आपले पदक स्वतःहून हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला भेट म्हणून पाठवले. पदक गेले, सन्मान नोंदीवर राहिला.

त्यांना शिक्षा झाली नाही, असेही मात्र कोणी समजू नये. मे 1945 मध्ये हिटलरवर गौरवपर मृत्युलेख लिहिणाऱ्या या लेखकाला, मनोरुग्णालयातील तपासणीनंतर, 1947 मध्ये न्यायालयाने जबर आर्थिक दंड ठोठावला आणि 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कमी करून 3,25,000 क्रोनर केला.