नदी वाचवताना घ्यावयाची काळजी

म्हादई नदीच्या खोऱ्यात विजेचं धरण येतंय अशी कुजबुज बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात सुरू झाली की आधी डिजिटल बोर्ड करायला टाका. निम्म्या जागेत नेत्यांचे फोटो, उरलं तर नदी. प्रकल्पाचा अहवाल काय, नंतरही वाचता येतो.

घोषणा फक्त म्हादईचं पाणी मलप्रभा नदीकडे वळवणाऱ्या कळसा-भांडुरा योजनेच्या द्या. म्हादईच्या पाणीवाटप लवादाने 14 ऑगस्ट 2018 ला कर्नाटकाला दिलेल्या 13.42 टीएमसीत (म्हणजे अब्ज घनफुटांत) मलप्रभेकडे वळवायला 3.9 आणि विजेला 8.02 आहे, हा हिशेब सभेत काढू नका, जेवणवेळ टळते. विजेचं पाणी तर परत नदीतच येतं! बंधाऱ्यापासून पॉवरहाऊसपर्यंतचा पट्टा कोरडा पडतो आणि संध्याकाळी टर्बाइन चालू झालं की खाली एकदम लोंढा येतो, ही माशांची घरगुती अडचण.

एप्रिलमध्ये पाणी मोजायला चुकूनही जाऊ नका. दहा मीटर अंतर आखा, नारळ सोडा, सेकंद मोजा, वेगाला 0.85 ने गुणा, मग रुंदी, मग सरासरी खोली... इतका आटापिटा कशाला? पावसाळ्यातले भरगच्च आकडे कोणाकडे ना कोणाकडे असतातच.

जनसुनावणीची नोटीस 30 दिवस आधी निघते. ती मराठीत नाही म्हणून बहिष्कार टाका. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, अटच नाही, त्यामुळे रिकाम्या खुर्च्यांसमोरही सुनावणी रीतसर पार पडते, व्हिडिओसकट. गेलातच तर माईकवर मनसोक्त ओरडा, पण लेखी हरकत देऊन पोच मागू नका. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, त्याच दिवशी सहीही होते. तेवढ्यात आपण चहाला गेलेलं बरं.

प्रकल्प 24.75 मेगावॉटचा निघाला तर सुनावणीची कटकटच नाही, नियमाची रेघ 25 वर आहे. जंगलाची जमीन जात असेल तर वनखात्याची मंजुरी त्यालाही लागते, पण ती विचारून कोणाची झोप मोडता?

माहिती अधिकारात एकाच अर्जात धरण, झाडं, रस्ता, ठेकेदार असे सतरा प्रश्न कोंबा. कर्नाटकात अर्जाला एक विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणजे तो बिनबोभाट परत येईल.

मंजुरी मिळालीच, तर हरित लवादाकडे अपील. ते पुण्याला पाठवा, जवळ पडतं आणि आपली माणसं आहेत. कर्नाटकाची प्रकरणं चेन्नईच्या खंडपीठाकडे जातात हे कळेपर्यंत अपिलाचे 30 दिवस गेलेले असतात. सबळ कारण दिलं तर आणखी 60 मिळतात, तेही शांतपणे जाऊ द्या. मग वकील शोधा, शक्यतो ‘हे म्हादई कुठे आलं?’ असं विचारणारा.