यादी मी देणार नाही

आज दुपारी औषधांची ट्रॉली आवरत होते, तेवढ्यात एचआरमधून फोन आला. "सिस्टर, तुमच्या वॉर्डातल्या कोणकोणत्या मावश्या रविवारच्या युनियनच्या मीटिंगला गेल्या होत्या, तेवढी नावं लिहून द्या." मग सगळ्या इन्चार्जना खाली बोलावून चहा-बिस्किटं आणि अर्धा तास भाषण. आपण एक कुटुंब आहोत, घरातल्या गोष्टी बाहेरच्यांकडे कशाला न्यायच्या.

तेव्हापासून डोकं तडतडतंय. घरातल्या माणसाला कुणी असं वागवतं का? बारा तास बेडपॅन उचलणाऱ्या बाईचा पगार कंत्राटदाराच्या मर्जीवर. ती तापाने फणफणली की एक दिवसाचा खाडा आणि वर नाव काढायची धमकी.

माझी पहिली नोकरी आठवतेय. मेल वॉर्ड, मी बावीस वर्षांची. लिनन कपाटातून ड्रॉशीट ओढली आणि घडीतून पावती पुस्तक माझ्या पायावर पडलं. युनियनच्या वर्गणीचं, महिना दहा रुपये. मावशींनी ते उचललं, पदराने पुसलं, पुन्हा घडीत सारलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही काही पाहिलं नाही." दोन दिवसांनी मेट्रननी विचारलं, पुस्तक कुणाचं? माझा बाँड चालू होता, ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात होती. मी नाव सांगितलं.

पुढच्या सोमवारी कंत्राटदाराने दुसरी बाई पाठवली.

हे मी आजवर इथे कधी लिहिलं नव्हतं.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा उघडून बघा. युनियनमध्ये गेलात तर काढून टाकू अशी धमकी द्यायची नाही. युनियन उभी राहत असतानाच ती मोडायला पगारवाढ द्यायची नाही, हेसुद्धा त्यात शब्दांत लिहिलंय. पण मावशी कंत्राटी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या सिप्ला निकालानंतर कंत्राटी कामगाराने आधी सिद्ध करायचं की तो मालकाचाच कामगार आहे, मगच या कायद्याखाली दाद. म्हणजे आधी एक खटला, मग दुसरा. दिवसाच्या हजेरीवर जगणारी बाई एवढी वर्षं कुठून आणणार? माझ्या मावशींनाही ऑफिसने हेच तोंडावर सांगितलं होतं, तुम्ही आमच्या कामगारच नाही. अकरा वर्षं त्याच वॉर्डात होत्या हो त्या! आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत तर धर्मादाय काम करणाऱ्यांच्या संस्था 'उद्योगा'च्या व्याख्येतूनच वगळल्यात. आपल्याकडे किती मोठी हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

माझी एक बॅचमेट कॅलिफोर्नियात नर्स आहे. तिने सांगितलं, तिकडे काही हॉस्पिटलांत मॅनेजमेंट आधीच लिहून देतं की युनियन हवी की नको यावर आम्ही तोंड उघडणार नाही. युनियनच्या लोकांना कँटीनमध्ये येऊन बोलू देतात, निम्म्याहून जास्त लोकांनी 'युनियन हवी' अशा कार्डावर सही केली की मान्यता. कैसर परमनंटेसारख्या हॉस्पिटलं चालवणाऱ्या मोठ्या संस्थेने १९९७ मध्ये तिथल्या युनियनांशी भागीदारीचा करार केला. सगळीकडे असं नाही, हेही तिनेच सांगितलं. युनियन होऊ नये म्हणून पैसे मोजून सल्लागार आणणारी हॉस्पिटलंही तिथेच आहेत. पण निदान "आम्ही मध्ये पडणार नाही" हे कागदावर लिहून देता येतं, हे तरी तिथे माहीत आहे.

मला एवढंच हवंय. मॅनेजमेंटने युनियनचं स्वागत करावं असं मी म्हणतच नाही. गप्प बसा. फोन करू नका, भाषण देऊ नका, नावं मागू नका. बायका आपलं आपण ठरवतील.

संपात पेशंटचे हाल होतात, मान्य. पुढारी सेटिंग करतात, तेही पाहिलंय. म्हणून एका बाईने दहा रुपयांची पावती चादरीत लपवावी?

मावशी शेवटच्या दिवशी युनिफॉर्मची साडी परत करायला आल्या होत्या. धुतलेली, कडक घडी घातलेली, फिनेलचा वास तरीही होताच. मी खाली मान घालून चार्ट लिहीत राहिले. त्यांना सगळं कळलेलं होतं. जाताना फक्त विचारलं, "बाळा, तुझी सर्टिफिकेटं दिली का गं त्यांनी?" मला उत्तर देता आलं नाही. आज हे टाइप करतानाही हात थरथरतोय.

माझ्या वॉर्डातल्या मावश्या ही पोस्ट वाचणार नाहीत बहुतेक. इन्चार्ज सिस्टर वाचतील, त्यांच्याचसाठी लिहितेय. तुम्हालाही फोन आला असेल. नावं देऊ नका, कृपा करून देऊ नका. तोंडी विचारलं तर लेखी मागा.

कामगार न्यायालयात काम करणारं, कंत्राटी कामगारांच्या केसेस लढलेलं कुणी ओळखीचं असेल तर इनबॉक्समध्ये नंबर द्या. रविवारच्या मीटिंगला आलेल्या बायकांना हवाय. माझी सकाळी सातची ड्यूटी आहे, यादी अकरापर्यंत मागितलीय.