स्वस्त एअर रायफलचा नेम लागत नाही? आधी कागद मोजू

गेले काही महिने पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडेच तो वेगवेगळ्या लोकांकडून आठ-दहा वेळा आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: "दहा हजारांच्या आतली देशी एअर रायफल म्हणजे पैसे पाण्यात. मी नवी कोरी आणून पाच छर्रे मारून बघितले, चार बोटं पसरले. घ्यायचीच तर जास्त स्पीडची घ्या आणि वर दुर्बीण लावा. मुलाला खरंच नेमबाज करायचं असेल तर थेट जर्मन रायफल घ्या, नाहीतर नाद सोडा. नुसती मजेसाठी घेतली तर लायसन्स लागत नाही, गच्चीवर, शेतात कुठेही चालवा."

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकलं आणि आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, मी मुलांना नेमबाजी शिकवतो तिथं, चौकशी करायला येणाऱ्या आई-बापांची संख्या एकदम वाढली. त्याचा प्रकार वेगळा, ५० मीटर, पॉइंट टू टू रायफलचा. पण मुलाची सुरुवात बहुतेक ठिकाणी १० मीटर एअर रायफलनेच होते. येणाऱ्या घरांमध्ये आठ हजार रुपये ही विचार करून काढायची रक्कम असते. हा मेसेज वाचून दोन घरं परत गेली, त्यातल्या एका मुलीचा हात विलक्षण स्थिर होता. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

"पाच छर्रे मारून बघितले, चार बोटं पसरले." यात बंदुकीची परीक्षा झालेलीच नाही. नव्या स्प्रिंगच्या बंदुकीत कारखान्यातलं तेल आणि ग्रीस असतं. पिस्टननं हवा दाबली की ती इतकी तापते की तेल पेटतं. नळीतून धूर येतो, जळका वास येतो आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा होतो. शंभर-दोनशे छर्रे गेल्यावर हे थांबतं. त्याआधीच्या कागदावरून बंदूक चांगली की वाईट हे कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट, पाच छर्ऱ्यांचा एकच ग्रुप, म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून मारलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा एकच पुंजका. तीन छर्ऱ्यांचा ग्रुप सरासरीनं पाचाच्या ग्रुपपेक्षा साधारण पाचव्या हिश्शानं लहान येतो आणि दहाचा पाव हिश्शानं मोठा. बंदूक तीच, हात तोच, फक्त मोजणी बदलते. म्हणून तीन छर्रे मारून "एकाच भोकात गेले" म्हणणारा आणि पाच मारून "पसरले" म्हणणारा, दोघांच्याही कागदाला फारशी किंमत नाही. पाच-पाचांचे निदान दहा ग्रुप मारा, प्रत्येकातल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांचं अंतर व्हर्नियरनं (बारीक मापाच्या सरकत्या पट्टीनं) बाहेरून बाहेर मोजा, त्यातून छर्ऱ्याचे ४.५ मिलिमीटर वजा करा आणि सरासरी काढा. मग बोलू.

आमच्याकडे सरावाला अशीच एक देशी बंदूक आहे. नळी सांध्यात वाकवून (यालाच नळी मोडणं म्हणतात) छर्रा भरायची, उघड्या साइटची म्हणजे नळीवर नेम धरायच्या साध्या खुणा असलेली, दहा हजारांच्या आतली, दोन वर्षं वापरातली. हा मेसेज आल्यावर मी दोन रविवार तिच्यावर घालवले. अंतर १० मीटर, बंद हॉल, वारा नाही. खुर्चीवर बसून, उशीवर हात टेकवून, तीन प्रकारचे छर्रे, प्रत्येकाचे दहा ग्रुप. पुडीत सुटे मिळतात त्या सर्वांत स्वस्त छर्ऱ्यांची सरासरी २७ मिलिमीटर आली. गोल डोक्याच्या, डबीतल्या छर्ऱ्यांची १६. सपाट डोक्याच्या, स्पर्धेत वापरतात तसल्या छर्ऱ्यांची १२. त्यातला सर्वांत चांगला ग्रुप ८ चा, सर्वांत वाईट १७ चा. एकच बंदूक, एकच माणूस, आणि फक्त छर्रा बदलल्यावर पसारा निम्म्याहून कमी झाला. पुडीतले छर्रे हातात घेऊन बघा, काहींचा मागचा घेर चेपलेला असतो. तो घेर नळीत फुलून बसायला हवा आणि हवा अडवायला हवी. चेपलेला घेर हे काम सारखं करत नाही आणि छर्रा नळीतूनच वाकडा निघतो. मेसेज लिहिणाऱ्यानं कोणते छर्रे वापरले याचा त्यात एक शब्दही नाही.

मग मी बंदूक हाताऐवजी थेट लाकडी ठोकळ्यावर टेकवली. छर्रे तेच सपाट डोक्याचे. सरासरी १२ वरून २२ वर गेली आणि ग्रुप जवळजवळ दोन सेंटिमीटर वर सरकला. मला वाटतं, मेसेजमधल्या चार बोटांचं खरं कारण बहुधा इथंच आहे. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबतो तेव्हा ती पुढे झटका खाते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच बंदूक हललेली असते. ते हलणं थांबवता येत नाही, फक्त दर वेळी सारखं ठेवता येतं. त्यासाठी बंदूक उघड्या तळहातावर नुसती विसावू द्यायची, बोटांनी आवळायची नाही, खांद्याला जेमतेम टेकवायची. जो माणूस ती टेबलावर दाबून, दात-ओठ खाऊन धरतो त्याला वाटतं आपण फार पक्की धरली. कागद उलटं सांगतो.

आणखी एक साधी गोष्ट. या बंदुकांच्या झटक्यानं लाकडी दस्त्याचे स्क्रू ढिले होतात. माझ्याकडे "आता नेम बिघडला" म्हणून आणलेल्या बंदुकांपैकी निम्म्या तरी स्क्रू आवळून परत पाठवल्यात.

आता १२ मिलिमीटर म्हणजे किती, ते टार्गेटवर बघू. १० मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा, नऊचा गोल ५.५ चा, आठचा १०.५ चा, असं प्रत्येक कड्याला ५ मिलिमीटर वाढत जातं. छर्ऱ्याची कड रेषेला लागली तरी गुण वरचा मिळतो. साइट नीट बसवलेली असेल तर १२ मिलिमीटरच्या ग्रुपमधला कोणताही छर्रा मध्यापासून सात मिलिमीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे आठच्या खाली येत नाही. माझ्याकडचं नवं मूल पहिल्या सहा महिन्यांत चार, पाच, सहा मारत असतं, मध्येच एखादा नऊ. चार आणि आठ यांच्यातलं जे अंतर आहे ते बंदुकीचं नाही. ते श्वासाचं आहे, उभं राहण्याचं आहे, चाप ओढायची घाई करण्याचं आहे. ते भरून काढायला ही बंदूक पुरून उरते.

"जास्त स्पीडची घ्या." हा सल्ला तर सरळ उलटा आहे, आणि यावरच दुकानात सर्वांत जास्त विक्री होते. जगातल्या सर्वांत अचूक एअर रायफली, म्हणजे ऑलिम्पिकच्या १० मीटर स्पर्धेतल्या, साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगानं सोडतात. ऊर्जा साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास. अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेतलं ते असल्याच संथ छर्ऱ्यांनी. वेग वाढवायचा तर स्प्रिंग जड लागते, झटका वाढतो, नळी मोडायला मुलाला दोन्ही हातांचं बळ लावावं लागतं आणि तिसाव्या छर्ऱ्याला हात थरथरायला लागतो.

खोक्यावर "१००० एफपीएस" (सेकंदाला हजार फूट) छापलेलं असतं, त्याचाही हिशेब करून बघा. म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर. ०.५३ ग्रॅमचा नेहमीचा छर्रा या वेगानं गेला तर ऊर्जा साडेचोवीस ज्यूल होते, आणि आपल्याकडे विनापरवाना एअर रायफलची मर्यादा २० ज्यूल आहे. तेव्हा एक तर तो आकडा फार हलक्या छर्ऱ्यावर मोजलेला आहे, नाहीतर ती बंदूक परवान्याशिवाय विकताच येणार नाही. हलका छर्रा आवाजाच्या वेगाच्या जवळ पोहोचला की डगमगायला लागतो, नेम उलट बिघडतो. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचे पैसे देणं म्हणजे बिघडलेल्या नेमाचे पैसे देणं.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. स्प्रिंगचा झटका मागे आणि पुढे, दोन्हीकडे बसतो, आणि स्वस्त दुर्बिणीच्या आतल्या काचा त्यासाठी बांधलेल्या नसतात, त्या काही दिवसांत सैल होतात. शिवाय अशा बऱ्याच दुर्बिणी शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. १० मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा सरकला की दुर्बिणीतली नेमाची फुलीही सरकते. मुलानं पहिलं वर्ष मागची आणि पुढची साइट एका रेषेत आणण्यात घालवावं. स्पर्धेतही १० मीटरला दुर्बीण चालत नाही.

"थेट जर्मन रायफल घ्या, नाहीतर नाद सोडा." या मुद्द्यात अर्धं खरं आहे आणि ते मला लपवायचं नाही. राष्ट्रीय पातळीवर आता गुण दशांशात मोजले जातात, ६० छर्ऱ्यांचे जास्तीत जास्त ६५४, आणि वरचे नेमबाज ६३० च्या आसपास असतात. म्हणजे प्रत्येक छर्रा सरासरी साडेदहाचा, मध्यापासून सव्वा मिलिमीटरच्या आसपास. आमची बंदूक तिथं कधीच पोहोचणार नाही. तिचा चाप जड आहे आणि सुटायच्या आधी बराच ओढावा लागतो. एकाच मॉडेलच्या दोन बंदुका सारख्या निघत नाहीत, म्हणून विकत घेताना नळी बंद केल्यावर सांध्यात हलते का ते बघून घ्यावं, हलली तर ती घेऊ नये. मुलाचे आठ-नऊ सतत पडायला लागले, त्याचा हात बंदुकीच्या पुढे गेला, की मग स्पर्धेची रायफल, पीप साइट (बारीक छिद्रातून बघायची साइट), जाड जाकीट हे सगळं लागतं आणि खर्च दोन-तीन लाखांच्या घरात जातो.

पण तो खर्च तेव्हाचा आहे. बाराव्या वर्षी त्या मुलाला नेमबाजी आवडेल की नाही हे कुणालाच माहीत नसतं, त्यालाही नाही. ते कळण्यासाठी आठ हजारांची बंदूक आणि छर्ऱ्यांच्या डब्या पुरतात. खरा खर्च डब्यांचाच असतो, रोज साठ छर्रे मारले तर पाचशे छर्ऱ्यांची डबी आठ-नऊ दिवसांत संपते. आई-बाबांनी पैसे तिथं घालावेत, चांगल्या छर्ऱ्यांवर. "तीन लाख नाहीतर काहीच नाही" असं म्हणणं म्हणजे हा खेळ फक्त तीन लाख असलेल्या घरांपुरता ठेवणं, आणि मला ते मनापासून चीड आणतं.

स्वस्त बंदुकीबद्दलचा हा गैरसमज येतो कुठून, याचं मला एक कारण दिसतं. आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली छर्ऱ्याची बंदूक जत्रेत फुगे फोडताना हातात घेतली. दिवसाला शेकडो लोक तिची नळी मोडतात, साइट डगडगत असते, छर्रे मिळतील ते. तिथला नेम चुकला आणि "असल्या बंदुका अशाच" हे मनात बसलं. घरात एका माणसाच्या हातात असलेली बंदूक तशी नसते.

शेवटचा मुद्दा सर्वांत धोक्याचा: "लायसन्स लागत नाही, कुठेही चालवा." ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे खरं. त्यावरून "कुठेही" हा शब्द कसा निघाला? गच्चीवरून सुटलेला छर्रा दोनशे मीटरच्या पुढेही जातो आणि जवळून डोळा घालवायला एकच पुरतो. शेतात पोपट, बगळा, खार यांच्यावर चालवली तर ती शिकार ठरते आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, बंदूक कितीही स्वस्त असो. घरी सराव करायचा तर टार्गेटच्या मागे कापडाच्या चिंध्या गच्च भरलेली लाकडी पेटी ठेवा, तिच्यामागे भिंत असावी, आणि भिंतीच्या बाजूला घराचं दार नसावं. छर्रे शिशाचे असतात, जेवायच्या आधी हात साबणानं धुवायचे. बंदूक भरलेली असो वा नसो, नळी माणसाकडे करायची नाही. आमच्याकडे हा नियम एकदा मोडला की त्या दिवशीचा सराव बंद होतो. वय दहा असो वा चाळीस.